तराजू कोर्टाचा, वजनं रेल्वेची

एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. समजा तुमच्या गावावरून दिवसातून एक पॅसेंजर जाते आणि एक येते. रेल्वे म्हणते, गाडीत माणसंच नसतात, तोटा होतो, बंद करायची आहे. पण त्याच रुळांवरून त्याच रेल्वेच्या मालगाड्या भरभरून धावतायत आणि एकूण हिशेबात रेल्वे चांगली नफ्यात आहे. आता सांगा, ही पॅसेंजर रेल्वेवर ‘बोजा’ आहे का?

तुम्ही नुसती ती गाडी मोजलीत तर आहे. तो मार्ग किंवा अख्खी रेल्वे मोजलीत तर नाही. म्हणजे आकडे सगळे खरे असूनही, हिशेबाची वही कुठे उघडायची आणि कुठे मिटायची यावर उत्तर बदलतं. 1964 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर नेमका हाच प्रश्न आला होता. खटल्याचं नाव सदर्न रेल्वे विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. आज तो निकाल आपण जरा बारकाईने वाचणार आहोत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: कोर्टाने दिलेलं सूत्र चांगलं होतं, पण त्या सूत्रात जी रक्कम भरायची ती कोण पुरवतं, हे कोर्टाने विचारलंच नाही. आणि स्थानिक गाड्यांचं भवितव्य सूत्रावर कमी आणि त्या रकमेवर जास्त ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे रेल्वे म्हणजे सरकार. अमेरिकेत रेल्वे म्हणजे खासगी कंपन्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला 1887 मध्ये नेमलेला आंतरराज्य वाणिज्य आयोग. पुढे त्याला नुसता ‘आयोग’ म्हणू. 1920 च्या कायद्याने असं ठरलं की कंपनीला एखादा रेल्वेमार्ग कायमचा बंद करायचा असेल तर आयोगाकडून दाखला घ्यावा लागेल. कसोटी होती ‘सार्वजनिक सोय आणि गरज’.

लगेच भांडण लागलं. कोलोरॅडो राज्यात ब्युएना व्हिस्टा ते रोमली असा डोंगरातला एक नॅरोगेज फाटा होता, पूर्णपणे राज्याच्या हद्दीत. आयोगाने तो बंद करायला परवानगी दिली, तर राज्य म्हणालं, आमच्या हद्दीतल्या फाट्याचा निर्णय वॉशिंग्टनचा आयोग कसा काय घेतो? 1926 मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याचं म्हणणं फेटाळलं. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा: तोट्यातला स्थानिक फाटा चालवायचा खर्च शेवटी कंपनीच्या आंतरराज्य वाहतुकीवर पडतो, म्हणून केंद्रीय आयोगाला त्यात अधिकार आहे. पण आयोगाने तोलून निर्णय घ्यायचा. एका पारड्यात फाटा चालू ठेवण्याचा भार, दुसऱ्या पारड्यात तो बंद झाल्यावर तिथल्या लोकांची होणारी गैरसोय आणि नुकसान.

ही तराजूची कल्पना लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ सगळी भांडणं या तराजूचीच आहेत.

एक गोष्ट मात्र या कायद्यातून सुटली होती. मार्ग बंद करायचा तर आयोग, पण मार्ग चालू ठेवून त्यावरची एखादी गाडी बंद करायची तर? तो अधिकार राज्यांच्या आयोगांकडेच राहिला. आणि राज्यांचे आयोग स्थानिक गाड्या सहजासहजी बंद करू देत नसत. अलाबामातल्या टस्कंबिया आणि टेनेसीतल्या चॅटनूगा यांच्यामध्ये धावणाऱ्या गाड्यांच्या जोडीवरून सदर्न रेल्वे केंद्रीय न्यायालयात गेली. 1951 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा राज्याचा स्थानिक विषय आहे, राज्याच्या आयोगाविरुद्ध दाद मागायची तर राज्याच्या कोर्टात मागा.

मग कंपन्या संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे गेल्या. लोक मोटारी घेत होते, नवे हायवे होत होते, विमानं स्वस्त होत होती. 1958 मध्ये आयोगाच्याच हॉवर्ड हॉस्मर या तपास अधिकाऱ्याने अहवालात असा अंदाज मांडला की घसरण अशीच राहिली तर 1970 च्या सुमारास प्रवासी डबा संग्रहालयात जाऊन बसेल. त्याच वर्षी कायद्यात कलम 13-अ आलं. आंतरराज्य गाडी बंद करायची तर कंपनीने नुसती 30 दिवसांची नोटीस द्यायची. आयोगाला वाटलं तर तो चौकशी लावेल, नाही वाटलं तर गाडी बंद. राज्यांतर्गत गाडी असेल तर आधी राज्याच्या आयोगाकडे जायचं, तिथे नकार मिळाला किंवा निर्णय रखडला तर केंद्रीय आयोगाकडे. आणि तिथे दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात: एक, सार्वजनिक सोय आणि गरज गाडी बंद करण्याच्या आड येत नाही. दोन, गाडी चालू ठेवणं हा आंतरराज्य वाहतुकीवर अन्याय्य आणि अवाजवी बोजा आहे.

गाडी नंबर 13 आणि 16

आता आपल्या खटल्याकडे येऊ. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो ते गोल्ड्सबरो हे अंतर सुमारे 130 मैल, वाटेत राजधानी रॅली. या मार्गावर सदर्नच्या 13 आणि 16 नंबरच्या गाड्या होत्या, एक जाणारी आणि एक येणारी. राज्याच्या आयोगाने त्या बंद करायला नकार दिला. कंपनी कलम 13-अ घेऊन केंद्रीय आयोगाकडे गेली आणि तिथे परवानगी मिळाली. राज्य कोर्टात गेलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आयोगाच्या आदेशाविरुद्धचा दावा तीन न्यायाधीशांच्या डिस्ट्रिक्ट कोर्टासमोर चालायचा आणि अपील थेट सुप्रीम कोर्टात.

डिस्ट्रिक्ट कोर्टाने आयोगाचा आदेश रद्द केला. त्यांचं म्हणणं, तुम्ही या दोन गाड्यांचा तोटा तेवढा बघितलात. कंपनीची एकूण भरभराट, त्या मार्गावरचा मालवाहतुकीचा नफा, हे हिशेबात घ्यायला हवं होतं. सुप्रीम कोर्टाने हे उलटवलं. गरज तुटपुंजी असेल तर कंपनीच्या एकूण सुस्थितीला आयोगाने फार महत्त्व दिलं नाही तरी चालेल, असं कोर्ट म्हणालं. पण लगेच पुढे हेही म्हणालं की मोठ्या महानगरातली, हजारो लोकांना रोज कामावर नेणारी सेवा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मोठा तोटासुद्धा सोसण्याची कंपनीची ताकद आयोगाने गांभीर्याने बघितलीच पाहिजे.

म्हणजे सूत्र सरकत्या पट्टीसारखं आहे. गरज जितकी मोठी, तितकी हिशेबाची वही मोठी उघडायची. गरज लहान, तर वही फक्त त्या गाडीपुरती.

मला हे सूत्र मुळात पटतं. कुणी म्हणेल की कंपनी नफ्यात आहे ना, मग चालवू दे की रिकामी गाडी. पण त्या नफ्यातले पैसे कुणीतरी दिलेलेच असतात: मालाचं भाडं भरणारा शेतकरी, कारखानदार, दुसऱ्या मार्गावरचा प्रवासी. आणि सगळ्या कंपन्या सदर्नइतक्या सुदृढ नव्हत्या. न्यू हेवन रेल्वे 1961 मध्ये दिवाळखोरीत गेली, पेन सेंट्रल 1970 मध्ये. रिकाम्या गाड्या कायम ओढत राहा असा नियम केला तर शेवटी अख्खी रेल्वेच बसते. तेव्हा कुठेतरी रेष मारायलाच हवी, आणि ‘गरज किती’ ही रेष मारायची वाईट जागा नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण ‘गरज’ या शब्दात आहे. तिथे गरज मोजली जाते ती मुख्यतः गाडीत बसलेल्या माणसांवरून. दररोज सरासरी किती तिकिटं? इतकी कमी? मग गरज तुटपुंजी.

पण तिकिटं किती खपतात हे पावसासारखं आपोआप ठरत नाही. गाडी किती वाजता सुटते, पुढच्या जंक्शनला मेन लाइनची गाडी मिळते की तिची पाठ दिसते, डबे कसे आहेत, पंखे-हीटर चालतात का, वेळापत्रक कुठे लावलंय, हे सगळं त्याच्या मागे असतं. आणि या सगळ्या गोष्टी कुणाच्या हातात? ज्याला गाडी बंद करायची आहे त्याच्याच. तुम्ही कधी बाहेरगावच्या आडवेळेच्या पॅसेंजरची वाट बघत फलाटावर बसला असाल तर हे समजावून सांगायची गरज नाही. गाडी दोन तास पुढे सरकवा, कॉलेजची पोरं एसटीने जायला लागतील. मग सर्व्हे करा. मग म्हणा, बघा, कुणी नाही.

13 आणि 16 नंबरच्या गाड्यांबाबत सदर्नने असं मुद्दाम केलं, असा माझा आरोप नाही. मुद्दा वेगळा आहे. कोर्टाने जी पट्टी दिली तिची सुरुवात गरजेपासून होते. गरजेचा आकडा लहान निघाला की मागचे सगळे प्रश्न आपोआप मिटतात. कंपनीची ऐपत बघायची गरज नाही, मालगाड्यांचा नफा बघायची गरज नाही. इतकं सगळं ज्या आकड्यावर अवलंबून आहे तो आकडा कसा तयार झाला, हे विचारणं सूत्राचाच भाग असायला हवं होतं. ते नाहीये.

कोर्ट म्हणेल, ते बघणं आयोगाचं काम. बरोबर आहे. नियामक संस्थेच्या निर्णयाची तपासणी करताना कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. आयोगाच्या निष्कर्षाला पुरेसा पुरावा आहे का आणि आयोगाने कायदा नीट लावला का, एवढंच बघतं. पण मग आयोगाला तरी सेवेच्या दर्जाबद्दल काही करता येत होतं का? 1960 च्या दशकाच्या शेवटी सदर्न पॅसिफिकच्या गाड्यांच्या घसरलेल्या दर्जाचं प्रकरण आयोगासमोर आलं. आयोगाच्या तपास अधिकाऱ्याने किमान दर्जा ठरवून द्यावा अशी शिफारस केली. आयोगाने सांगितलं की आम्हाला तो अधिकार कायद्याने दिलेलाच नाही.

आता हे दोन तुकडे शेजारी ठेवून बघा. कोर्ट म्हणतं, गरज मोजणं आयोगाचं काम. आयोग म्हणतो, गरज ज्यामुळे घटते तो दर्जा आमच्या अखत्यारीत नाही. म्हणजे तराजू कोर्टाने दिला, पारडं आयोगाने धरलं, आणि वजनं मात्र कंपनी घरून घेऊन आली.

1981 चा केलो ब्रिक खटला याच गोष्टीचं दुसरं टोक दाखवतो. आयोवातल्या एका वीट कारखान्याचा माल ज्या फाट्यावरून जायचा, त्याचा भराव दरडींनी खचला. कंपनीने दुरुस्ती केली नाही, सेवा थांबवली आणि नंतर आयोगाकडून फाटा बंद करायची परवानगी घेतली. कारखान्याने राज्याच्या कायद्याखाली नुकसानभरपाई मागितली: तुम्ही रूळ नीट ठेवले नाहीत म्हणून आमचं नुकसान झालं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, आयोगाने बंद करायला मान्यता दिली आहे, तेव्हा तोच प्रश्न राज्याच्या कोर्टात वेगळ्या वाटेने उकरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने सुसंगत निकाल आहे. पण ग्राहकाच्या जागी उभं राहून बघा. ‘आधी दुर्लक्ष, मग बंद’ अशी तक्रार घेऊन जायला आयोग सोडून दुसरी खिडकीच उरत नाही.

खिडकीपर्यंत पोचायचं कसं?

पण आयोगाच्या निर्णयाविरुद्ध तरी कोर्टात कोण जाऊ शकतं? जॉर्जियन आणि हमिंगबर्ड या आंतरराज्य गाड्या बंद करण्याची नोटीस निघाली, आयोगाने चौकशी सुरू केली आणि मग ती मध्येच गुंडाळली. गाड्या बंद. शिकागो शहर आणि इतर काही जण कोर्टात गेले, तर खालच्या कोर्टाने सांगितलं की चौकशी थांबवणं हा दाद मागण्याजोगा आदेशच नाही. 1969 मध्ये न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिलेल्या निकालाने हे उलटवलं. गाडी चालू ठेवा असा आदेश निघाला तर कंपनी कोर्टात जाऊ शकते, मग चौकशी संपवून गाडी बंद होऊ दिली तर प्रवाशांच्या बाजूला का जाता येऊ नये? एकदा चौकशी सुरू केली की ती कायद्याप्रमाणे तडीस न्यायला आयोग बांधील आहे.

मला हा निकाल 1964 च्या निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो, जरी त्याची चर्चा कमी होते. कारण तो गाडी वाचवत नाही, पण ‘का?’ असं विचारायचा हक्क दोन्ही बाजूंना सारखा देतो. तरी त्यातसुद्धा एक भोक राहिलंच. चौकशी लावायची की नाही, हे आयोगाच्या मर्जीवर आणि त्यावर दाद नाही, असं तोच निकाल मान्य करतो. म्हणजे अर्धवट चौकशी करणारा आयोग कोर्टात सापडतो, अजिबात न करणारा सापडत नाही.

आणि ही खिडकीसुद्धा फार दिवस उघडी राहिली नाही. 1 मे 1971 पासून ॲमट्रॅक सुरू झाली. त्यात सामील झालेल्या कंपन्यांची लांब पल्ल्याच्या प्रवासी सेवेची जबाबदारी संपली आणि नकाशावर न घेतलेल्या कितीतरी गाड्या एका दिवसात थांबल्या. गाड्या बंद करण्याविरुद्ध प्रवाशांच्या संघटनेने दावा लावला, तेव्हा 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नव्या कायद्याखाली असा दावा ॲटर्नी जनरलने करायचा, प्रवाशांनी नाही. पाच वर्षांपूर्वी मिळालेली जागा गेली.

तो मार्ग आज

ग्रीन्सबरो–गोल्ड्सबरो मार्गाचं पुढे काय झालं, हे सांगायला हवं. ते रूळ मुळात नॉर्थ कॅरोलायना रेलरोड कंपनीचे. त्या कंपनीत राज्याचाच मोठा हिस्सा होता आणि सदर्नने 1890 च्या दशकात मार्ग दीर्घ भाडेपट्ट्यावर घेतला होता. 1998 मध्ये राज्याने उरलेले शेअर्सही विकत घेतले. 1990 पासून कॅरोलिनियन आणि 1995 पासून पीडमाँट या गाड्या राज्याच्या पैशातून ग्रीन्सबरो आणि रॅली यांच्यामध्ये पुन्हा धावू लागल्या. गोल्ड्सबरोला मात्र नियमित प्रवासी गाडी परत आलेली नाही.

यावरून ‘बघा, आयोग चुकला होता’ असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. मधल्या काळात रॅलीच्या आसपास मोठे उद्योग आले, लोकवस्ती अफाट वाढली. 1964 ची गरज आणि 1995 ची गरज एक नाही. पण एवढं नक्की दिसतं की गरज ही वाढणारी, घटणारी, घडवता येणारी गोष्ट आहे. कायद्यातसुद्धा सोय आणि गरज ‘सध्याची किंवा भविष्यातली’ अशी बघायला सांगितलं होतं. रोजच्या तिकीटविक्रीत भविष्य दिसत नाही.

आपल्याला याचं काय?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचं आम्हाला काय. आपल्याकडे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची नॅरोगेज शकुंतला थांबली. ती परत सुरू व्हावी म्हणून विदर्भात आंदोलनं झाली. पण ‘बंद का केली, हिशेब दाखवा’ असं ज्याच्यापुढे हक्काने म्हणता येईल असा स्वतंत्र आयोगच आपल्याकडे नाही. थांबा द्या, गाडी द्या म्हणून कोर्टात गेलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच: हा धोरणाचा प्रश्न आहे. 2023 मध्ये केरळातल्या तिरूरला वंदे भारतचा थांबा मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने याच कारणाने ऐकून घेतली नाही. गाड्यांचं वेळापत्रक न्यायाधीशांनी ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. पण वेळापत्रक ठरवणं वेगळं आणि ठरवणाऱ्याला कारणं मांडायला लावणं वेगळं. अमेरिकेतल्या त्या खटल्यांत निदान कारणं कागदावर आली, म्हणून तर साठ वर्षांनी मी त्यांच्यात चुका काढू शकतोय.

तेव्हा यापुढे कुठली गाडी ‘प्रतिसादाअभावी’ बंद झाल्याची बातमी वाचलीत, तर दोन प्रश्न विचारून बघा. प्रतिसाद मोजला कुणी? आणि मोजायच्या आधीच्या वर्षभरात त्या गाडीची वेळ, डबे आणि थांबे यांचं काय काय झालं? उत्तर मिळेलच असं नाही. पण प्रश्न लेखी विचारा. आणि तुमच्याकडे अशा एखाद्या बंद झालेल्या गाडीचं जुनं वेळापत्रक असेल, तर ते जपून ठेवा. गरज कशी घटत गेली याचा तोच एक पुरावा असतो.